एअर रायफल: अंतर बदललं की नेम कुठे धरायचा

रायफल १० मीटरवर झिरो केली, म्हणजे त्या अंतरावर नेम धरू तिथेच छर्रा लागेल असा स्कोप जुळवला. ठिपक्याच्या मधोमध लागते. मग तेच लक्ष्य २५ मीटरवर नेलं आणि छर्रे ३ सेंटीमीटर वर. 'लांब गेल्यावर छर्रा खाली यायला हवा, हा वर कसा?' असं म्हणत स्कोप खाली फिरवला जातो. २५ मीटरचं जमतं, पण आता १० मीटरवरचे छर्रे खाली. परत स्कोप वर. असं करता करता छर्र्यांचा डबा संपतो आणि बोल लागतो रायफलला, नाहीतर स्कोपला.

बहुतेक वेळा रायफल आणि स्कोप दोन्ही ठीक असतात. चुकतो तो कामाचा क्रम. स्कोप एकदाच, ठरवलेल्या एका अंतरावर झिरो करायचा. बाकीच्या अंतरांवर आपली रायफल कुठे मारते ते कागदावर मोजून लिहून ठेवायचं (हाच पुढे 'तक्ता') आणि नेम त्या नोंदीप्रमाणे धरायचा. पुढे सगळं याच क्रमाने सांगितलं आहे. स्कोप लावलेली ४.५ किंवा ५.५ मि.मी.ची रायफल आणि ५ ते ५० मीटरमधली लक्ष्यं गृहीत धरली आहेत. स्कोपशिवाय, रायफलीवरच्या साध्या साइटवर नेमबाजी करणाऱ्यांसाठी वेगळा भाग शेवटाकडे आहे.

## आधी हे समजून घ्या: छर्रा नजरेची रेषा दोनदा ओलांडतो

स्कोप बॅरलच्या वर साधारण ४ ते ५ सेंटीमीटरवर बसलेला असतो. म्हणजे नळीतून बाहेर पडताना छर्रा नजरेच्या रेषेच्या तेवढा खाली असतो. बॅरल त्या रेषेच्या मानाने किंचित वर रोखलेली असते, म्हणून छर्रा चढत जातो, रेषा खालून वर ओलांडतो, थोडं अंतर रेषेच्या वर राहतो आणि मग खाली येताना ती पुन्हा ओलांडतो. त्यामुळे झिरो दोन असतात, जवळचा आणि लांबचा.

एक नमुना घेऊ. ४.५ मि.मी.चा, सुमारे ०.५५ ग्रॅमचा छर्रा, नळीच्या तोंडाशी वेग सेकंदाला २४० मीटर, स्कोपची उंची ४.५ सें.मी., झिरो ३० मीटरवर. हिशोबाने येणारे अंदाजे आकडे असे:

- ५ मीटर: २.५ सें.मी. खाली
- १० मीटर: १ सें.मी. खाली
- १५ मीटर: नेमक्या जागी (हा जवळचा झिरो)
- २० मीटर: ०.६ सें.मी. वर
- २५ मीटर: ०.६ सें.मी. वर
- ३० मीटर: नेमक्या जागी
- ३५ मीटर: १.२ सें.मी. खाली
- ४० मीटर: ३ सें.मी. खाली
- ४५ मीटर: ५.४ सें.मी. खाली
- ५० मीटर: ८.६ सें.मी. खाली

ही यादी दोनदा वाचा. ५ मीटरवरच्या लक्ष्यासाठी नेम वर धरावा लागतो आणि ४० मीटरसाठीसुद्धा वरच. फक्त मधल्या पट्ट्यात किंचित खाली. 'जवळ आहे म्हणजे खाली धरा' हा सल्ला सर्रास दिला जातो आणि स्कोपच्या रायफलवर तो फार जवळच्या लक्ष्यासाठी साफ उलटा पडतो.

आता सुरुवातीचं कोडंही सुटतं. हीच रायफल १० मीटरवर झिरो केली तर तो तिचा जवळचा झिरो होतो. छर्रा तिथून पुढेही चढतच असतो. २५ ते ३० मीटरवर तो ३ सें.मी. वर असतो आणि नजरेच्या रेषेवर परत येतो तो थेट ४३ मीटरच्या आसपास. रायफलमध्ये काहीच बिघाड नसतो.

इशारा: वरचे आकडे पद्धत समजण्यासाठी आहेत. ते तुमच्या रायफलला जसेच्या तसे लावू नका. वेग, छर्रा किंवा स्कोपची उंची यातलं काहीही बदललं की यादी बदलते. ५.५ मि.मी.चा छर्रा तेवढ्याच ऊर्जेत जास्त सावकाश जातो, त्यामुळे त्याची कमान अधिक वाकडी असते.

## टप्पा १: जागा आणि सामान

हव्यात या वस्तू: मोजपट्टी किंवा लेझर रेंजफाइंडर, मोठे कोरे कागद, जाड मार्कर, पट्टी, वही, दोरी आणि तिला बांधायला वजन, एकाच डब्यातले भरपूर छर्रे, आणि रायफल टेकवायला मऊ पिशवी. सकाळची वारा पडलेली वेळ निवडा. झाडाचं पान हलत असेल तर तक्त्याचं काम त्या दिवशी करू नका, नुसता सराव करा.

लक्ष्याच्या मागे छर्रा अडेल असा पक्का आडोसा हवा. चुकलेला छर्रा काहीशे मीटर जाऊ शकतो, म्हणून 'मागे कोणी नसतं' यावर विसंबू नका. धातूचं लक्ष्य किंवा कडक पृष्ठभाग असेल तर छर्रा उलटून येतो. तिथे डोळ्यांवर संरक्षक चष्मा असायलाच हवा, शेजारी उभ्या असलेल्यांच्याही. कागद बदलायला पुढे जाताना रायफल रिकामी आणि खाली ठेवलेली असावी. छर्रे शिशाचे असतात, त्यामुळे काम झाल्यावर हात धुतल्याशिवाय काही खाऊ नका.

## टप्पा २: रायफल आणि स्कोप पक्के आहेत का

हा टप्पा लोक गाळतात आणि पुढचे सगळे टप्पे वाया घालवतात.

स्टॉकचे, म्हणजे रायफलच्या दस्त्याचे, सगळे स्क्रू तपासा. स्प्रिंगच्या रायफलमध्ये ते हमखास सैल होतात, कारण धक्का आधी मागे आणि मग पुढे असा दोन्ही बाजूंना बसतो. याच धक्क्यामुळे स्कोपचं माउंट रेलवर मागे सरकतं. माउंटला स्टॉप पिन असेल तर ती रेलच्या खाचेत बसवा. माउंटच्या मागे पेन्सिलने बारीक रेघ मारून ठेवा. पन्नासेक छर्ऱ्यांनंतर रेघ आणि माउंट यांत फट दिसली तर माउंट सरकतंय हे कळतं. स्प्रिंग रायफलवर तिच्यासाठी बनवलेलाच स्कोप हवा. दुसरा कितीही महाग असला तरी उलट्या धक्क्याने आतून सैल होऊ शकतो.

मग क्रॉसहेअर (स्कोपमधल्या एकमेकींना छेदणाऱ्या रेघा) सरळ करा. १५ ते २० मीटरवर वजन बांधलेली दोरी लटकवा. रायफल सरळ धरून स्कोपची उभी रेघ दोरीशी जुळवा. जुळवताना रायफल स्वतः कललेली नाही याची खात्री करा. नाहीतर स्कोप सरळ आणि बॅरल बाजूला अशी जोडी बसते. स्कोप बॅरलच्या बरोबर वर असेल तरच 'वर-खाली'ची दुरुस्ती फक्त वर-खालीच राहते.

पॅरलॅक्सही इथेच बघून घ्या. रायफल पिशवीवर ठेवा, हात लावू नका, आणि फक्त डोकं थोडं डावी-उजवीकडे हलवा. क्रॉसहेअर लक्ष्यावर सरकताना दिसला तर त्या अंतरावर पॅरलॅक्स आहे. अनेक सामान्य रायफल स्कोप ९० ते १०० मीटरसाठी बसवलेले असतात, म्हणून एअर रायफलच्या अंतरावर त्यांच्यात ही चूक मोठी दिसते. पुढची किंवा बाजूची फोकस रिंग असलेला स्कोप असेल तर प्रत्येक अंतराला ती फिरवायची. रिंग नसेल तर गाल दरवेळी स्टॉकवर एकाच जागी टेकवणं हाच उपाय.

तपासणी: स्कोप माउंटला धरून हलकेच हलवा. जराही हालचाल जाणवली तर पुढे जाऊ नका.

## टप्पा ३: एक छर्रा, एक पकड

तक्ता बनवायचा तर दोन गोष्टी आधी कायम कराव्या लागतात: छर्रा आणि रायफल धरण्याची पद्धत.

दोन-तीन प्रकारचे छर्रे घेऊन प्रत्येकाचे पाच-पाचचे दोन ग्रुप २५ मीटरवर मारा. कुठे लागतात ते बघू नका, किती जवळजवळ लागतात ते बघा. सगळ्यात लहान ग्रुप देणारा छर्रा निवडा. किंमत, टोकाचा आकार, डब्यावर छापलेला वेग यांना इथे महत्त्व नाही. मागची कड दबलेले छर्रे बाजूला काढा. छर्ऱ्याचा प्रकार बदलताना पहिले काही छर्रे मोजू नका, नळीला नव्या शिशाची सवय व्हायला तेवढे लागतात. नळी साफ केल्यावरही तसंच.

पकडीबद्दल: स्प्रिंगची रायफल सैल धरावी लागते. पुढचा भाग उघड्या तळहातावर नुसता टेकलेला, खांद्याला हलका स्पर्श, मूठ आवळलेली नाही. तिला कडक पृष्ठभागावर टेकवली किंवा घट्ट दाबली तर धक्क्याची दिशा बदलते आणि ग्रुपची जागाही. पुढचा हात दोन-तीन सेंटीमीटर पुढे-मागे झाला तरी काही रायफलींमध्ये फरक दिसतो, म्हणून स्टॉकवर चिकटपट्टीची खूण करा आणि हात तिथेच ठेवा. पीसीपी, म्हणजे टाकीत आधीच भरलेल्या दाबाच्या हवेवर चालणाऱ्या रायफलला पकडीचं एवढं वावडं नसतं, पण तिला दाबाचं असतं. दाब सारखा ठेवणारा रेग्युलेटर नसेल तर टाकी भरलेली, मधली आणि उतरलेली असताना वेग वेगळा मिळतो. ज्या दाबाच्या पट्ट्यात ग्रुप जागचा हलत नाही तो पट्टा शोधा, वहीत लिहा आणि सगळं काम त्याच पट्ट्यात करा.

तपासणी: २५ मीटरवर पाच छर्र्यांचा ग्रुप २ सें.मी.च्या आत येतोय का? आपण पुढे एक-एक सेंटीमीटरचे फरक मोजणार आहोत. ग्रुपच ४ सें.मी.चा असेल तर ते फरक त्यात बुडून जातील. आधी ग्रुपवर काम करा, तक्ता थांबेल.

## टप्पा ४: अंतरं खरी मोजा

पावलांनी मोजू नका. मोजपट्टी टाका, रेंजफाइंडर असेल तर दोनदा वाचा, आणि जमिनीवर खुंट्या किंवा दगड ठेवा: ८, १०, १२, १५, २०, २५, ३०, ३५, ४०, ४५, ५० मीटर. सुरुवात एकाच बिंदूपासून करा आणि तो बिंदू रायफलचं तोंड धरायचं की स्वतःची जागा, ते ठरवून कायम ठेवा. जवळच्या अंतरात एक मीटरची गफलतही दिसते.

स्कोपच्या फोकस रिंगवर छापलेले मीटरचे आकडे खरे मानू नका. ते अंदाजे असतात. पण मोजलेल्या अंतरांवर सगळ्यात जास्त मॅग्निफिकेशन ठेवून फोकस करा आणि रिंगवर तुमच्या स्वतःच्या खुणा करा. मग तीच रिंग अंतर ओळखायला बऱ्यापैकी कामी येते, विशेषतः ३० मीटरच्या आत.

## टप्पा ५: झिरोचं अंतर निवडा

'१० मीटरवर जागा होती म्हणून १० मीटर' हे झिरो निवडण्याचं कारण नव्हे. कसोटी अशी लावा: तुमचं सगळ्यात छोटं लक्ष्य केवढं, आणि बहुतेक लक्ष्यं कोणत्या अंतरात? छर्ऱ्याची कमान मधल्या पट्ट्यात लक्ष्याच्या निम्म्या उंचीपेक्षा जास्त वर जाऊ नये, एवढं सांभाळून झिरो शक्य तितका लांब घ्या.

नमुन्यातल्या रायफलचंच बघा. झिरो ३० मीटरवर ठेवला तर साधारण १४ ते ३२ मीटर एवढ्या मोठ्या पट्ट्यात छर्रा नेमापासून फार तर ६ मिलिमीटर वर-खाली राहतो. तिथे सरळ मध्यावर नेम धरला तरी चालतं. हाच झिरो ४० मीटरवर नेला तर २५ मीटरवर छर्रा २.४ सें.मी. वर जातो, आणि जिथे सगळ्यात जास्त लक्ष्यं असतात तिथेच दरवेळी दुरुस्ती करावी लागते. २० मीटरवर झिरो केला तर कमान नजरेच्या रेषेला जेमतेम टेकते आणि ३० मीटरवर छर्रा ८ मिलिमीटर खाली येतो. अंगणात, १२ ते २५ मीटरवरच नेमबाजी असेल तर तोही वाईट पर्याय नाही. माझं मत विचाराल तर अशा वेगाच्या ४.५ मि.मी. रायफलला ३० मीटर, आणि सावकाश जाणाऱ्या ५.५ मि.मी.ला २५ मीटर इथून सुरुवात करावी.

## टप्पा ६: झिरो करा

१. पहिले छर्रे १० मीटरवर, मोठ्या कागदावर मारा. इथे मधोमध आणायचं नाही. ३० मीटरचा झिरो हवा असेल तर १० मीटरवर ग्रुप ठिपक्याच्या साधारण १ सें.मी. खाली यायला हवा. डावं-उजवं मात्र इथेच बरोबर करून घ्या.

२. आता ३० मीटरवर जा. पाच छर्रे मारा. एका छर्ऱ्यावर स्कोप फिरवू नका. पाचांचा मध्य शोधा आणि ठिपक्यापासून तो किती वर-खाली, किती डावी-उजवीकडे ते पट्टीने मोजा.

३. क्लिक काढा, म्हणजे स्कोपचा टरेट (नेम वर-खाली किंवा डावी-उजवीकडे सरकवायची फिरकी) किती खटके फिरवायचा ते. पाव एमओएचा (एमओए हे कोनाचं माप, अंशाचा साठावा भाग) स्कोप एका क्लिकला १०० मीटरवर सुमारे ७ मि.मी. सरकतो, म्हणजे ३० मीटरवर २.२ मि.मी. आणि १० मीटरवर ०.७ मि.मी. ग्रुप ४ सें.मी. खाली आणि २ सें.मी. उजवीकडे असेल तर ३० मीटरवर १८ क्लिक वर आणि ९ क्लिक डावीकडे. ०.१ मिलचा (मिल हेही कोनाचं माप, १० मीटरवर १ सें.मी.) स्कोप असेल तर हिशोब अजून सोपा: १० मीटरवर एक क्लिक म्हणजे १ मि.मी., ३० मीटरवर ३ मि.मी.

४. पुन्हा पाच छर्रे. स्वस्त स्कोप क्लिक केल्यावर लगेच जागेवर येत नाहीत. पहिले एक-दोन छर्रे धक्क्याने स्कोप बसवण्यात जातात, ते मोजू नका.

५. जमलं की टरेटचा शून्य तिथे जुळवा. तशी सोय नसेल तर मार्करने रेघ मारा.

इशारा: टरेट वरच्या टोकाशी भिडायला आला आणि अजूनही छर्रे खाली असतील तर जबरदस्ती करू नका. मोडून भरायच्या रायफलींमध्ये बॅरल किंचित खाली झुकलेली असणं नेहमीचं आहे. त्यासाठी मागच्या बाजूने उंच असलेलं माउंट मिळतं. टोकाशी फिरवलेल्या स्कोपमधली आतली स्प्रिंग ढिली पडते आणि झिरो भटकतो.

तपासणी: रायफल बाजूला ठेवा, पंधरा-वीस मिनिटं थांबा, आणि पुन्हा ३० मीटरवर पाच मारा. ग्रुप त्याच जागी आला तरच पुढचा टप्पा.

## टप्पा ७: तक्ता बनवा

इथे घाई करू नका. सगळं काम या टप्प्यासाठी आहे.

कागदाच्या वरच्या भागात १ सें.मी.चा काळा ठिपका काढा आणि त्यातून एक आडवी आणि एक उभी बारीक रेघ मारा. खाली भरपूर मोकळी जागा ठेवा. ५० मीटरवर ती लागेल. प्रत्येक अंतराला नवा कागद, आणि कागद लावतानाच त्यावर अंतर लिहा. नंतर लिहू म्हटलं की कागद एकमेकांत मिसळतात.

आता सगळ्यात महत्त्वाचा नियम: प्रत्येक अंतरावर नेम ठिपक्याच्या मध्यावरच धरायचा आणि टरेटला हात लावायचा नाही. १० मीटरवर छर्रे खाली लागताना दिसले की हात आपोआप वर जातो, नेम 'सुधारतो'. तो सुधारलेला नेम तक्ता खोटा करतो. छर्रे कुठेही लागू देत, आपण फक्त नोंद घेतोय.

८ मीटरपासून सुरू करून एकेका खुंटीवर पाच-पाच छर्रे मारत ५० मीटरपर्यंत जा. फोकस रिंग असेल तर प्रत्येक अंतराला फिरवा. मग प्रत्येक कागदावर ग्रुपचा मध्य शोधून आडव्या रेघेपासूनचं अंतर मिलिमीटरमध्ये लिहा, वर असेल तर अधिक, खाली असेल तर उणे. स्वतःला वाटलेला 'चुकीचा' छर्रा वगळायचा असेल तर ट्रिगर दाबतानाच चूक जाणवली होती का, एवढं प्रामाणिकपणे विचारा. कागद बघून वगळू नका.

८ ते १५ मीटर आणि ४० मीटरच्या पुढे आकडे झपाट्याने बदलतात. तिथे वेळ मिळाला तर मधली अंतरंही घ्या. २० ते ३० मध्ये त्याची गरज नाही.

आता सेंटीमीटरचं मिलमध्ये रूपांतर करा, कारण स्कोपमधल्या खुणा कोनात मोजतात. सेंटीमीटर गुणिले १०, भागिले मीटरमधलं अंतर. ४० मीटरवर ३ सें.मी. खाली असेल तर ३० भागिले ४०, म्हणजे पाऊण मिल. १० मीटरवर १ सें.मी. खाली म्हणजे पूर्ण १ मिल. इथे पुष्कळांची गल्लत होते: सेंटीमीटरमध्ये १० मीटरची चूक ४० मीटरच्या एक-तृतीयांश आहे, पण स्कोपमधल्या खुणांवर ती जास्त आहे. पाव एमओएच्या क्लिकमध्ये हवं असेल तर मिलला १४ ने गुणा: पाऊण मिलला साधारण १० क्लिक.

तपासणी: सगळे कागद एकाखाली एक लावून उभी रेघ बघा. ग्रुप डावी-उजवीकडे सरकतायत का? शांत हवेतही जवळचे ग्रुप एका बाजूला आणि लांबचे दुसऱ्या बाजूला पडत असतील तर स्कोप बॅरलच्या बरोबर वर नाही. टप्पा २ ला परत जा. याला दुसरा उपाय नाही. वाऱ्याच्या नावावर घालून पुढे गेलात तर प्रत्येक अंतराला वेगळी बाजूची दुरुस्ती पाठ करावी लागेल.

## टप्पा ८: तक्ता वापरा, होल्ड की क्लिक

दोन मार्ग आहेत. एक, टरेट न हलवता स्कोपच्या खालच्या खुणेने नेम धरायचा, म्हणजे होल्ड. ४० मीटरवर तक्ता 'पाऊण मिल खाली' म्हणत असेल तर मधल्या छेदाऐवजी त्याच्या पाऊण मिल खालची जागा लक्ष्यावर ठेवायची. बॅरल आपोआप तेवढी वर जाते. दुसरा मार्ग, तेवढे क्लिक वर फिरवायचे आणि मधला छेदच लक्ष्यावर ठेवायचा.

टरेट भरवशाचे असतील आणि वेळ असेल तर क्लिक जास्त अचूक. पण स्वस्त स्कोपचे टरेट वीस क्लिक वर नेऊन परत आणले की त्याच जागी येतीलच असं नाही. तपासायला ३० मीटरवर पाच छर्रे मारा, वीस क्लिक वर जा, वीस खाली या, पुन्हा पाच मारा. दोन ग्रुप एकमेकांवर पडले नाहीत तर होल्डच वापरा. क्लिक वापरणाऱ्यांची आणखी एक नेहमीची चूक म्हणजे नेमबाजी झाल्यावर टरेट शून्यावर न आणणं. दुसऱ्या दिवशी 'झिरो गेला' म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरू.

होल्ड वापरणाऱ्यांनी मॅग्निफिकेशन सांभाळा. बऱ्याच स्कोपमध्ये मॅग्निफिकेशन बदललं की खुणांचा आकार तोच राहतो आणि चित्र मोठं-लहान होतं. अशा स्कोपच्या खुणा एकाच मॅग्निफिकेशनवर खऱ्या असतात. १० पटीला बरोबर असलेली खूण ५ पटीला दुप्पट अंतर दाखवते, म्हणजे ४० मीटरवर पाऊण मिल समजून धरलेला नेम दीड मिलचा होतो आणि छर्रा ३ सें.मी. वर जातो. तक्ता ज्या मॅग्निफिकेशनवर बनवला, त्याच्यावर रिंगला चिकटपट्टी लावून टाका.

तक्ता छोट्या कार्डावर लिहून स्टॉकला चिकटवा. पाठांतरावर भिस्त ठेवू नका.

तपासणी: कोणाला तरी लक्ष्यं वेगवेगळ्या, तुमच्या तक्त्यात नसलेल्या अंतरांवर ठेवायला सांगा: १३, २७, ३८. अंतर मोजा, तक्त्यावरून मधला आकडा काढा, आणि प्रत्येकावर एकच छर्रा मारा.

## टप्पा ९: वारा, उतार आणि कललेली रायफल

अंतराची दुरुस्ती जमल्यावर उरलेल्या चुकांपैकी सगळ्यात मोठी वाऱ्याची. नमुन्यातल्या छर्ऱ्याला बाजूने सेकंदाला ३ मीटर वारा असेल तर तो २० मीटरवर दीड सें.मी., ३० मीटरवर सव्वातीन आणि ४० मीटरवर ६ सें.मी. ढकलला जातो. अंतर दुप्पट झालं की वाऱ्याचा परिणाम जवळपास चौपट होतो. नेम वाऱ्याच्या दिशेला, म्हणजे वारा जिकडून येतो तिकडे धरायचा. जमत नसेल तर झुळूक थांबेपर्यंत वाट बघणं शहाणपणाचं.

उंचावर किंवा खोल जागी असलेल्या लक्ष्यासाठी तिरकं अंतर वापरू नका, आडवं अंतर वापरा. ३० अंशांच्या कोनात ४० मीटर तिरकं असेल तर आडवं सुमारे ३५ मीटर होतं. तक्त्यातली ३५ ची दुरुस्ती घ्या. लक्ष्य वर असो वा खाली, नियम तोच. दोन्हीकडे पूर्ण ४० धरलं तर छर्रा वर जातो.

रायफल ५ अंश कलली तर ४० मीटरवर छर्रा कललेल्या बाजूला सुमारे १ सें.मी. सरकतो. उताराच्या जमिनीवर डोळा फसतो, म्हणून स्कोपवर छोटी बबल लेव्हल लावलेली बरी.

## साध्या साइटवर

इथे नजरेची रेषा बॅरलच्या खूप जवळ असते, साधारण २ सें.मी. वर. त्यामुळे यादी वेगळी येते: नमुन्यातला छर्रा ३० मीटरवर झिरो केला तर २० मीटरवर १.४ सें.मी. आणि १० मीटरवरही ६ मि.मी. वर लागतो. 'जवळ आहे, खाली धरा' हा सल्ला इथे लागू पडतो, आणि तो इथूनच स्कोपवाल्यांपर्यंत पोचला असावा.

मागची साइट ग्रुप जिकडे न्यायचा तिकडे हलवायची, पुढची असेल तर उलट दिशेला. किती, ते असं काढा: ग्रुप सरकवायचं अंतर गुणिले दोन साइटमधलं अंतर, भागिले लक्ष्याचं अंतर. साइट एकमेकांपासून ४५ सें.मी. असतील आणि २० मीटरवर ग्रुप २ सें.मी. वर न्यायचा असेल तर मागची साइट अवघी ०.४५ मि.मी. वर. बाकी टप्पे तेच, फक्त तक्ता सेंटीमीटरमध्येच ठेवा आणि लक्ष्यावरची जागा ओळखून नेम धरा.

## काहीतरी बिनसलंय असं वाटलं तर

सगळीकडेच सारखं वर किंवा खाली. झिरो हलला आहे. आधी माउंटमागची पेन्सिलची रेघ आणि स्टॉकचे स्क्रू बघा, मगच टरेट.

झिरोच्या अंतरावर बरोबर, ४० च्या पुढे तक्त्यापेक्षा खाली. वेग घटला आहे. पीसीपीचा दाब, स्प्रिंगची किंवा सीलची झीज, किंवा छर्ऱ्याचा नवा डबा. कार्बन डायऑक्साइडच्या रायफलीत थंडीनेही वेग उतरतो.

झिरोला बरोबर, फक्त जवळच चुकतं. अंतर नीट मोजलेलं नाही, किंवा जवळ फोकस न केल्याने पॅरलॅक्सची चूक आहे.

४० मीटरवर कधी वर, कधी खाली, पण ३० पर्यंत ठीक. अंतराचा अंदाज चुकतोय. नमुन्यात २० आणि २५ यांत फरकच नाही, पण ४० च्या जागी ४५ असेल तर अडीच सेंटीमीटरचा फरक पडतो. तिथे रेंजफाइंडर वापरा.

छर्ऱ्याचा प्रकार, स्कोप, माउंट किंवा स्प्रिंग यांपैकी काहीही बदललं तर जुनं कार्ड काढून टाका आणि टप्पा ६ पासून नव्याने करा. तीच रायफल, तोच छर्रा असेल तर नेमबाजीला बसण्यापूर्वी झिरोचं अंतर, एक जवळचं आणि एक लांबचं अशा तीन कागदांवर तपासलं की पुरे.